चौदा खिशांत एक किल्ली

मास्तरांनी आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं. चाळीस वर्षं कोट शिवले, पण शेजारच्या दुकानातून साधी कात्रीसुद्धा उसनी आणली नाही. त्यामुळे जावयाची नवी गाडी एका दुपारपुरती मागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती मागणी लेकीकरवी पोचवली. लेकीनं ती इतक्या जोरात पोचवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी जावई गाडीसकट दारात हजर.

कामही तसंच होतं. एका जादूगारासाठी मास्तरांनी लांब काळा कोट शिवला होता. चौदा खिशांचा. चार दिसणारे, दहा न दिसणारे. दंतवैद्यांचं कसलंसं अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरलं होतं आणि त्याच्या सुरुवातीला जादूगाराचे प्रयोग होते. असा कोट घडी घालून स्कूटरच्या डिकीत कोंबायचा म्हणजे आपल्या कामावर आपणच पाय ठेवायचा. तो हँगरला लटकवून, उभाच्या उभा न्यायला हवा होता.

जावई लिफ्टची तपासणी करणारा इंजिनियर. माणूस वाईट नाही, पण बोलायचा मोजून मापून. सहा वर्षांत सासरे-जावयांचं बोलणं हवा आणि तब्येत यांच्यापुढे सरकलं नव्हतं. त्या सकाळी मात्र तो अर्धा तास बोलला.

"बाबा, ही किल्ली. पण ही कुठे घालायची नाही."

"मग तिचं करायचं काय?"

"खिशात ठेवायची. ब्रेक दाबायचा आणि हे बटण दाबायचं. किल्ली जवळ आहे हे गाडीला आपोआप कळतं."

"आणि जवळ नसली तर?"

"तर सुरू होत नाही. म्हणून म्हणतो, खिशातून काढायचीच नाही."

मास्तरांनी ती काळी, गुळगुळीत, सुयांच्या डबीएवढी वस्तू शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि वरून दोनदा थोपटली. जावई गेल्यावर त्यांनी बटण दाबलं, गाडी मांजरीसारखी गुरगुरली आणि मास्तर निघाले. पण काढावी लागत नाही अशी वस्तू खिशात आहे हे माणूस किती वेळ लक्षात ठेवणार? पहिल्या सिग्नललाच ते विसरले.

हॉटेलच्या पोर्चमध्ये लाल टोपी घातलेला एक पांढऱ्या मिशीचा माणूस पुढे आला. आयुष्यभर ट्रक हाकून उतारवयात तो इथं पाहुण्यांच्या गाड्या लावून द्यायच्या कामाला लागला होता.

"या साहेब. गाडी चालूच राहू द्या, मी लावतो. ही तुमची पावती."

मास्तर तोवर खाली उतरून, मागच्या दारातून कोट बाहेर काढत होते. न्हाऊ घातलेलं मूल उचलावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला होता.

"किल्ली आतच ना?" टोपीवाल्यानं विचारलं.

"आता इंजिन चालू आहे म्हणजे असणारच की!"

उत्तर बिनतोड होतं. फक्त ते स्कूटरच्या जमान्यातलं होतं. टोपीवाला आत बसला, तशी गाडी टुंई टुंई करायला लागली. त्यानं पट्टा लावला. तरी टुंई टुंई. "बरं बाई, कळलं," असं म्हणून त्यानं दार ओढलं आणि गाडी तळघराच्या उताराकडे नेली.

वर रंगमंचामागच्या खोलीत जादूगार अजून तोंडाला रंग लावत होता. मास्तरांनी कोट खुंटीवर टांगला आणि आपली नेहमीची परीक्षा सुरू केली. कोट रिकामा असताना कोणाचाही सरळ पडतो. खिशात वजन गेल्यावरही जो सरळ पडतो, तो खरा. म्हणून ते गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी खिशांत काही ना काही टाकून बघत. इथं तर चौदा खिसे! त्यांनी टेप टाकली, खडू टाकला, बोटात घालायचं टोपण टाकलं, चष्म्याचं घर, रुमाल, घराची किल्ली, औषधाची पट्टी... तरी वजन कमी पडायला लागलं, तसा हात आपसूक शर्टाच्या खिशात गेला, जे लागलं ते बाहेर आलं आणि कोटात गेलं. मास्तर दोन पावलं मागे सरले. खालची कड रेषेत होती. त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात जादूगार धावत आला. "मास्तर, द्या लवकर, घंटा झाली!"

मास्तरांनी भराभर खिसे रिकामे केले. जादूगारानं भराभर भरले: पत्ते, फुलं, रुमालांच्या माळा, चेंडू. एकाचा हात बाहेर येत होता आणि दुसऱ्याचा आत जात होता. मग कोट जादूगाराच्या अंगावर चढला, जादूगार उजेडात गेला आणि मास्तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आपला कोट टाळ्या घेतोय हे बघण्यासारखं सुख नाही.

ते सुख पुरतं वीस मिनिटं टिकलं. मग फोन थरथरला. मास्तर वाकत वाकत बाहेर बोळात आले. जावई होता.

"बाबा, गाडी म्हणतेय किल्ली सापडत नाही."

"तुम्हाला म्हणतेय? ती तर इथं आहे."

"माझ्या फोनवर निरोप आलाय तिचा. आत्ताच बघितला. किल्ली तुमच्याजवळ आहे ना?"

"म्हणजे काय! ही काय इथं..." मास्तरांनी खिसा थोपटला. खिसा सपाट होता. "आहे, आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. साठ ओलांडल्यावर इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले होते.

फोन ठेवतात न ठेवतात तोच लाल टोपी जिना चढून आली. टोपीखाली घामाच्या धारा होत्या.

"साहेब, तुमच्या गाडीला काय झालंय हो? उतारावर पुढची गाडी जरा थांबली म्हणून मीही थांबलो. ट्रकची सवय, थांबलं की इंजिन बंद. अर्धा तास खटपट करतोय, ती पुन्हा सुरूच होईना! नुसती टुंई टुंई. ढकलायची म्हटलं तर चाकं जाम."

"मग बाजूला..."

"बाजूला कुठं? उतार केवढासा, दोन्हीकडे भिंती! दार वीतभर उघडतं. मी हाडकुळा म्हणून निसटलो. मागं एक बाई आहेत, त्यांच्या मागं आणखी सहा गाड्या, आणि त्यांच्या मागं रस्ता."

मास्तर परत आत पळाले. किल्ली कोटात आहे एवढं त्यांना आता लख्ख कळलं होतं. कुठल्या खिशात, ते मात्र काही केल्या आठवेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा दुसऱ्याच्याच काखेत होता आणि तो दुसरा तीनशे दंतवैद्यांसमोर कानातून चेंडू काढत होता.

रंगमंचाच्या पायरीशी अधिवेशनाचे संयोजक उभे होते. दोन्ही हातांनी ते हवेतलं रबर ताणल्यासारखं करत होते. लांबवा, लांबवा, अशी ती जादूगाराला खूण होती.

"साहेब, दोन मिनिटं त्यांना भेटायचं होतं," मास्तर कुजबुजले.

"प्रयोग संपल्यावर."

"संपणार कधी?"

"संपलाय हो केव्हाच! दहा मिनिटांचाच होता. पण प्रमुख पाहुण्या आल्याशिवाय त्यांना खाली सोडू कसं? तीनशे माणसं नुसती बसवून ठेवू?"

"आणि पाहुण्या?"

"खाली अडकल्यात. स्वतःची गाडी परक्याच्या हातात देत नाहीत, स्वतःच लावायला गेल्या. आणि पुढं कोण येडा उतारावर गाडी बंद करून बसलाय म्हणे!"

आयुष्यभर दोऱ्यांत वावरलेला माणूस, पण असा गुंता मास्तरांनी पाहिला नव्हता. पाहुण्या आल्याशिवाय जादूगार खाली उतरणार नाही. जादूगार उतरल्याशिवाय कोट हाती लागणार नाही. कोट हाती लागल्याशिवाय किल्ली नाही, किल्लीशिवाय गाडी हलणार नाही, आणि गाडी हलल्याशिवाय पाहुण्या यायच्या नाहीत.

वर जादूगाराची गत वेगळी नव्हती. त्याच्या पोतडीतलं सगळं संपलं होतं. तोच पत्ता तो तिसऱ्यांदा ओळखत होता आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ जांभई देताना स्वतःच्या दाढा सगळ्यांना दाखवत होते. शेवटी जादूगार पुढं आला आणि म्हणाला, "आता मला प्रेक्षकांतून एक मदतनीस हवाय. कोण येतंय?"

दंतवैद्यांनी एकमेकांकडे बघितलं. तोवर मास्तर संयोजकांच्या हाताखालून निसटून वर पोचले होते.

त्यांना बघून जादूगाराचा चेहरा उतरला. "मास्तर?" ओठ न हलवता तो म्हणाला. "उसवलं का काही?"

"किल्ली," मास्तर म्हणाले. "गाडीची. तुमच्या कोटात राहिली."

"कुठल्या खिशात?"

"चौदातल्या एका."

"म्हणून मघापासून..." जादूगार काहीतरी बोलणार होता, पण समोर तीनशे माणसं होती. तो एकदम मोठ्यानं म्हणाला, "मंडळी! या सद्गृहस्थांची गाडीची किल्ली मी हात न लावता पळवली आहे! आता ती कुठे आहे, ते तेच शोधतील!"

लोक सावरून बसले. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत हे मास्तरांच्या स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी आधी उजवा वरचा खिसा चाचपला, फुलं निघाली. लोक हसले. डावा चाचपला, पाच पत्ते जमिनीवर सांडले. लोक आणखी हसले. मास्तर घाबरले आणि घाबरल्यावर जे करायचे तेच त्यांनी केलं. दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटला आणि कोटाकडे बघितलं.

डावी कड उजवीपेक्षा अर्धं बोट खाली होती.

"हात खाली सोडा," ते म्हणाले. आवाज एकदम दुकानातला झाला. "पोट आत. हलायचं नाही. वळा."

जादूगार निमूट वळला. मास्तरांनी पाठीवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं, मग अस्तराच्या आतून हात घातला आणि कमरेखालच्या डाव्या खिशापाशी थांबले. तिथं काहीतरी जड होतं. त्यांनी ओढलं. आला तो पिवळा रुमाल. त्याला हिरवा बांधलेला, त्याला निळा. मास्तर ओढत राहिले. रुमाल संपेनात. ते ओढत ओढत रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचले, आणि चाळिसाव्या रुमालाच्या गाठीत अडकून काळी, गुळगुळीत किल्ली धप्पकन खाली पडली.

सभागृह नुसतं उसळलं. जांभई देणारे गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि त्या टाळ्यांमधून मास्तरांना दिसलं, की मागच्या दारात, हातात दुसरी किल्ली घेऊन, धापा टाकत जावई उभा आहे. त्याचं तोंड उघडं होतं.

रंगमंच फाटला असता तर मास्तर आत गेले असते. तो मजबूत होता. ते किल्ली उचलून खाली आले, संयोजकांना नमस्कार केला आणि थेट दाराशी गेले.

"जावईबापू, तुम्ही?"

"तुम्ही 'आहे, आहे' दोनदा म्हणालात," जावई म्हणाला. "तेव्हाच टॅक्सी केली."

पुढं बोलायला वेळ नव्हता. दोघं जिन्यानं पळत सुटले.

खाली उतारावर वेगळंच दृश्य. मागच्या गाड्यांचे भोंगे चालले होते आणि पाहुण्या बाईंच्या गाडीच्या खिडकीपाशी टोपीवाला गुडघे टेकून, आ वासून बसला होता. बाई फोनच्या उजेडात त्याची दाढ बघत होत्या.

"ही किती दिवस दुखतेय?"

"आँ... महिना."

"महिना? आणि गाड्या हाकत फिरतोस? उद्या ये माझ्याकडे." मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "येडा तो तुम्हीच का?"

"हो," मास्तर म्हणाले.

टोपीवाला किल्ली घेऊन फटीतून आत शिरला. या वेळी टुंई झालं नाही. गाडी गुरगुरली आणि खाली गेली, तिच्यामागे बाई गेल्या, बाईंमागे सहा गाड्या गेल्या आणि भोंगे थांबले.

परतताना मास्तरांनी आपली किल्ली जावयापुढं धरली. "तुम्हीच चालवा. माझ्या हातचं काम नाही हे."

जावयानं ती परत मास्तरांच्या खिशात टाकली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. त्यानं पट्टा लावला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तरांना वाटलं, आता बोलणी सुरू होणार. पण त्याचे खांदे हलायला लागले. आधी बारीक, मग जोरात. तो हसत होता. सहा वर्षांत त्याला असं हसताना मास्तरांनी बघितलं नव्हतं.

"बाबा," डोळे पुसत तो म्हणाला, "'पोट आत' म्हणालात त्याला! जादूगाराला!"

"मग! पोट सोडून उभा राहिला तर कड कशी दिसणार?" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांनाही आवरेना. सिग्नल हिरवा झाला तरी दोघं हसतच होते. मागच्याला भोंगा वाजवावा लागला.

घरी लेक आणि बायको दारातच उभ्या होत्या. "हा कसा काय तुमच्याबरोबर?" लेकीनं विचारलं. "आणि गाडी नीट चालली ना?"

सासरे-जावयांनी एकमेकांकडे बघितलं.

"उत्तम," मास्तर म्हणाले.

"मी सहज गेलो होतो," जावई म्हणाला. "कोट बघायला."

बायको दोघांच्या घामेजलेल्या शर्टांकडे बघत म्हणाली, "बघितलात ना? मग आता तोंडं धुवा." दोघं एकामागोमाग आत गेले. न्हाणीघराचं दार लावून घेतलं तरी आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.