सगळ्या पानांवर एकच नाव

उमरोळीच्या दीपाने अकरा धवलेऱ्यांची, म्हणजे पाड्यांवर लग्नं लावणाऱ्या बायांची, गाणी वर्डमध्ये टाइप केली होती. जिचं गाणं तिचं नाव पानाच्या माथ्यावर, असा शब्द तिने प्रत्येकीला दिला होता. सेक्शन तिने वेगळे केले, पण हेडर, म्हणजे पानांच्या माथ्यावरच्या ओळी, एकमेकांना जोडलेलेच राहिले. त्यामुळे प्रत्येक नव्या नावाने आधीचं पुसलं गेलं. शेवटी मनोगतावर तिने हौसेने स्वतःचं नाव टाकलं, तेच सगळीकडे उरलं. छापायला देताना पुस्तक काढणाऱ्या संस्थेच्या बाईसाहेबांनी पानांच्या माथ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुस्तक न्यायला सगळ्यांत आधी म्हातारी चिमी आली. तिला अक्षरओळख नव्हती.

"माजं नाव कुठं हाय, बाय?"

पुस्तक छापून आल्यावरच दीपाच्या ते लक्षात आलं होतं. खरं सांगायला जीभ रेटेना. तिने चिमीचं गाणं उघडलं आणि माथ्यावरच्या 'दीपा'वर बोट ठेवलं.

"हे बघ, आये."

चिमीने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक कपाळाला लावलं.

"आता नातीकडनं वाचून घेईन," ती म्हणाली. "तिसरीला हाय. तिला सगलं वाचता येतं."