माळ्याखालची जागा

सुकऱ्याचा ट्रक उभा असला की साखरशेत गावात आलेला पाहुणा आधी ट्रक पाहायचा आणि मग घरच्यांची खुशाली विचारायचा. गाडी होतीच तशी. दारांवर मोर, टपावर वाघ, आरशांना लाल-पिवळे गोंडे, पुढच्या काचेभोवती दिव्यांची माळ आणि हॉर्न असा, की तो वाजला की कोंबड्या कणगीखाली शिरत. गाडी घेतली तेव्हा ती कंपनीतून येते तशी साधी होती. तसल्या गाडीला सगळे ड्रायव्हर 'कोरी' म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत. सुकऱ्याला तर कोरं काही बघवतच नसे. जव्हारच्या बाजारात कुणाच्या गाडीवर नवं काही दिसलं की तो चहा अर्धा टाकून ते बघायला जाई.

पण त्याचा खरा जीव मोरात किंवा वाघात नव्हता, तो मागच्या माळ्यात होता. आपल्या कुडाच्या घरात चुलीच्या वर बांबूचा माळा असतो, त्यावर भात, नागली, वर्षाची बेगमी ठेवतात. सुकऱ्याचा बाप असे माळे बांधण्यात नावाजलेला होता आणि बापाचा हात पोराला आला होता. त्याने हौद्याच्या फळ्या उंच करून घेतल्या आणि मधोमध तसाच माळा बांधला. वीण अशी घट्ट की वर माणसं नाचली तरी करकरू नये. झाली गाडी दुमजली! वर पुरुष, वाजंत्री आणि स्पीकर. खाली बाया, पोरं, भांडी आणि तांदळाची पोती.

मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही, असं तुम्ही म्हणाल. नाहीच बसत. ते सुकऱ्यालाही ठाऊक होतं आणि त्याची गाडी सांगणाऱ्यांनाही. पण आपल्याकडे एखादी चूक अंगवळणी पडली की आपण ती सोडत नाही, उलट तिला रंगरंगोटी करून मिरवतो. लग्नसराईत सुकऱ्याच्या गाडीला उसंत नसे. कोरी गाडी घेऊन गेलं तर व्याही काय म्हणतील, ही काळजी घरोघरी. आत बसणाऱ्यांचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नसे.

त्या वैशाखात गावातल्या देवरामच्या मुलाचं, जिव्याचं लग्न निघालं. मुलगी मोखाड्याच्या अंगाला, डोंगरापलीकडच्या पाड्यावरची, सपना नावाची. देवरामने गाडी सुकऱ्याचीच सांगितली आणि धवलेरी म्हणून पुतळीआजीला सुपारी दिली. वारल्यांचं लग्न धवलेरीशिवाय लागत नाही. ती गाणी म्हणते, गाण्यातून देवांना मांडवात बोलावते, तेव्हा कुठे नवरानवरी एकमेकांची होतात. म्हणून तिला मोठा मान. गाडीत तिची जागा पुढे, ड्रायव्हरशेजारी, उशी घालून. सुकऱ्याने माळा बांधला तेव्हापासून पुतळीआजी कितीतरी लग्नांना या गाडीतून गेली होती, पण मागे काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पुढे बसणाऱ्याला मागचं दिसत नाही, हे काही फक्त ट्रकपुरतं खरं नाही.

सकाळी वऱ्हाड चढलं. वर स्पीकर लागला, पोरं नाचायला लागली. पुतळीआजी उशीवर टेकणार तोच तिच्या लक्षात आलं की विधीच्या तांदळाचं आणि कुंकवाचं गाठोडं कुणीतरी मागे टाकलंय. दुसऱ्याला सांगेल तर ती पुतळीआजी कसली! स्वतःच काठी टेकत मागे गेली आणि तिने ताडपत्री वर केली.

आत अंधार होता आणि भट्टीसारखी धग होती. बाया गुडघ्यात डोकं घालून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, कारण डोकं वर करायला जागाच नव्हती. कडेला बसलेली बाळी नावाची बाई गाडी सुरू व्हायच्या आधीच तोंडाला पदर लावून ओकारी दाबत होती. लहान पोरं पोत्यांवर आडवी घातली होती. वर पोरं नाचत होती आणि त्यांच्या पायांची धूळ बांबूंमधून खाली सगळ्यांच्या केसांत पडत होती. नवी लुगडी, हळद लावलेले चेहरे आणि वरून माती.

पुतळीआजी आत शिरली, बाळीशेजारी पाठ दुमडून बसली आणि तिने गाणं धरलं. एक ओळही पुरी झाली नाही. पोट दुमडलेलं, श्वास छातीतच अडकला. तिने पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. मग ती तशीच बाहेर आली आणि आधी स्पीकर बंद करायला लावला.

"मी या गाडीनं नाय येणार," ती म्हणाली.

देवरामला वाटलं, गाठोडं सापडलं नाही म्हणून म्हातारी रागावली. त्याने गाठोडं काढून तिच्या हातात दिलं. तिने ते काखेत मारलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग देवराम घाबरला. तिकडे मांडवात सपनाची माणसं वाट बघत असतील, धवलेरी नाही म्हणजे लग्न नाही, आणि लग्न मोडलं म्हणजे दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा नाही! तो हातापाया पडला. आजीची जागा तर पुढे आहे, मऊ उशी आहे, मागच्याशी तिला काय करायचंय, असंही बोलून गेला. शेवटी वैतागून म्हणाला की दुसरी धवलेरी आणतो.

"आण ना," पुतळीआजी म्हणाली, "पण तिला आधी खाली बसव आणि गाणं म्हणायला सांग. तिला जमलं तर मी आजपासून गाणं सोडते."

आता सुकऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं ज्या माळ्याचं कौतुक ऐकलं, त्याला साऱ्या गावादेखत नावं ठेवली जात होती. तो केबिनमधून उडी मारून आला.

"आजी, गाडी माझी हाय. माझ्या घामाची हाय. मला आवडंल तशी करीन. कुणाला पटत नसंल तर कोरी गाडी बघा."

"कर ना. मोर काढ, वाघ काढ, दिवं लाव, कोण नाय म्हणतं? मला बी आवडतो तुझा मोर." आजीचा आवाज चढला नव्हता, पण सगळं वऱ्हाड ऐकत होतं. "पण घरात माळा कशाला असतो रं? धान्याला. त्याच्याखाली माणूस ताठ उभा राहतो, बाई चूल करते. तुझ्या बापानं कितीक माळं बांधलं, एकाखाली तरी कोण वाकला का? तू वर माणसं घातली नि खाली बी माणसंच घातली. गाडी तुझी हाय, सुकऱ्या. पाठी आमच्या हायत."

सुकऱ्या म्हणाला, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. म्हातारीलाच आज सुचलं.

तेवढ्यात ताडपत्री हलली आणि आतून त्याची बायको, चैती, उतरली. तिने केसांतली धूळ झटकली, कंबर हळूहळू सरळ केली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तक्रार कशी करू? तुला तो माळा किती आवडतो ते मला माहीत हाय." आणि ती पुतळीआजीशेजारी जाऊन उभी राहिली.

मग कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. बाळी उतरली, तिच्यामागून बाकीच्या उतरल्या, कडेवर पोरं घेऊन. पुतळीआजीने काठी उचलली आणि गाणं म्हणत डोंगराच्या पायवाटेला लागली. गाडीरस्ता मोठा वळसा घालून जातो, पायवाट जवळची, पण चढाची. देवरामने एकदा तोंड उघडलं, पण ऐकायला तिथे कुणी थांबलंच नव्हतं. आणि माळ्यावर बाशिंग बांधून उभा असलेला जिव्या, ज्याच्यासाठी ही सगळी मिरवणूक, तोही खाली उतरला. धवलेरी पायी जाते आणि नवरा गाडीतून, हे त्याला बरं दिसेना. नवराच उतरला म्हटल्यावर नाचणारी पोरं वर कुणासाठी नाचणार? तीही गेली, आणि त्यांच्यामागून देवरामही. चढावर दोन पोरांनी आजीला आळीपाळीने पाठीवर घेतलं. ती त्यांच्या पाठीवरूनही गातच होती.

सुकऱ्या बऱ्याच वेळाने रिकामी गाडी घेऊन वळशाने निघाला. सोबत फक्त भांडी आणि पोती. वाटेत त्याने हॉर्न एकदाही वाजवला नाही.

तो पोहोचला तेव्हा विधी सुरू झाला होता. मांडवात पुतळीआजी ताठ बसून गात होती आणि तिचा आवाज पार सडकेपर्यंत येत होता. देवरामने येऊन ओरडून सांगितलं की भांडी उतरव, जेवणाचा खोळंबा झालाय. मदतीला कुणी मोकळं नव्हतं. म्हणून सुकऱ्या स्वतः ताडपत्री बाजूला करून आत शिरला, आणि आपल्या हाताने बांधलेल्या माळ्यावर त्याचं डोकं खाडकन आपटलं. माळा पुरा झाल्यापासून तो खाली कधी शिरलाच नव्हता. भांडी नेहमी बायाच काढून देत.

डोकं चोळत तो बसला आणि त्याने वर पाहिलं. बांबू ठिकठिकाणी काळे, तेलकट, गुळगुळीत झाले होते. आधी त्याला कळेना, हे कशाने. मग कळलं. बायकांची डोकी घासून घासून. केसांचं तेल होतं ते. चाकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात जास्त दणके बसत, तिथे बांबूला फडक्याची चुंबळ करून बांधली होती, डोक्याला लागू नये म्हणून. फडकं त्याच्या ओळखीचं होतं. चैतीच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं!

इतकी वर्षं ती या कोपऱ्यात बसून आली होती. एका शब्दाने बोलली नव्हती. त्याच्या हौसेला धक्का नको म्हणून तिने फडकं बांधलं आणि गप्प राहिली. सुकऱ्याला रडू आलं, आणि लाज तर इतकी वाटली की लगेच बाहेर यायचीही हिंमत होईना. मांडवात सगळे गाण्यामागे सूर धरत होते. त्यालाही धरावासा वाटला, पण वाकलेल्या अंगातून सूर निघालाच नाही.

भांडी उतरवून झाल्यावर त्याने व्याह्यांकडे कोयता मागितला. बापाने शिकवलेल्या गाठी त्याने एकेक करून तोडल्या. बांबू मांडवाच्या कडेला उभे करून, त्यांवर गाडीची ताडपत्री टाकून सावली वाढवली, तिच्यात पंगत बसली. पुतळीआजीने जेवताना वर पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "वीण चांगली होती रं. जागा चुकली होती."

परतताना सुकऱ्याने चैतीला पुढच्या उशीवर बसायला सांगितलं. तिने आपल्या जागी पुतळीआजीला बसवलं, आणि बाकीच्या बायांबरोबर नवरी घेऊन, पुन्हा गात, डोंगराने गेली.

पुढच्या बाजाराला जव्हारच्या नाक्यावर बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला घेरलं. हौद्याच्या उंच फळ्याही उतरलेल्या होत्या. मागून बघावं तर गाडी कंपनीतून आली तशी. बायकांनी गाडी कोरी करून दिली म्हणून ते हसले, लग्नाचं भाडं गेलं म्हणून हळहळले.

"गेलं तर गेलं," सुकऱ्या म्हणाला. "मी माल नेतो. माणसांना एसटी ठरवा, नायतर चाला. गाडी आजपण माझ्या आवडीचीच हाय. आवड बदलली माझी." आणि त्याने मुद्दाम हॉर्न वाजवला.

हौस करायला कोण नको म्हणतो? आपली गाडी, आपलं घर, आपला मांडव आवडेल तसा नटवावा. पण नटवून झालं की ज्याने त्याने एकदा आपल्या माळ्याखाली जाऊन बसावं. तिथे कुणाला वाकावं लागत असेल, तर ती आपली हौस नाही, दुसऱ्यावर केलेला जुलूम आहे. आणि वाकणाऱ्यांनीही गप्प राहू नये. खुशाल उतरावं आणि चालू लागावं!

सुकऱ्याच्या ट्रकवर मोर आणि वाघ अजून आहेत. आरशाचे गोंडे तेवढे नाहीत. तिथे हिरव्या लुगड्याचं एक तेलकट फडकं बांधलेलं आहे, आणि ते कशाचं, असं विचारणाऱ्याला तो सगळी हकीकत सांगतो.