छतावरची आठ भोकं

भोकं आठच पाडायची होती. पण गोष्ट सुरू होते गेल्या वर्षीच्या एका जुन्या भोकापासून.

त्यातून निघालेला स्क्रू सुनेने उन्हात धरून पाहिला. आटे चकचकीत, कोरे. लाकडाचा एक कणही चिकटलेला नाही. उरलेले सातही तसेच. म्हणजे ट्रेलरच्या छतावरचं सोलर पॅनल आतल्या लाकडी वाशांना नव्हे, नुसत्या पातळ पत्र्याला धरून बसलं होतं. मग भर रस्त्यात वाऱ्याने ते एका बाजूने उचललं, यात नवल काय? कुणाला लागलं नाही हे नशीब. पण आरोग्य खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं: पुन्हा असं झालं, तर ट्रेलर कायमचा बंद.

ट्रेलरमध्ये एक आवाजबंद खोली होती आणि खोलीत कान तपासायचं मशीन. शाळेशाळेपुढे ट्रेलर उभा करून सून मुलांचे कान तपासायची. जनरेटर चालत नसे, कारण तो धडधडत असताना ‘बारीक आवाज ऐकू येतो का’ असं विचारणं म्हणजे चेष्टाच. वीज हवी ती मुकाट्याने येणारी. उद्या आठ वाजता नवी शाळा, तीनशे मुलं. पॅनल आज बसायला हवं होतं, आणि बसलेलं राहायला हवं होतं.

आणि गेल्या वर्षीची आठही भोकं सासऱ्यांनी पाडली होती. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस.

पहिलं भोक (पडलं नाही)

जुनी भोकं बुजवून झाली होती. छतावर आडव्या टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून सासरे लाकडी हातोडीने पत्रा ठोकत होते.

"इथे आहे वासा." पेन्सिलची फुली.

शिडीवर उभ्या असलेल्या तिने ऐकलं. ढप. पोकळ.

दोन विती पुढे, "इथे."

ढप.

आवाजबंद खोलीत तपासणीला बसलेली काही माणसं असंच करतात. आवाज आला की बटण दाबायचं असतं. ती अंदाजानेच दाबत राहतात, ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून. सासरे वासे ऐकत नव्हते. सवयीने अंतर मोजत होते.

ती वर चढली आणि आठही स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी एकेक अंगठ्याने फिरवून पाहिला. सुताराला यापुढे काही सांगावं लागत नाही.

"हे काम दुसऱ्या कुणाचं असतं ना," ते म्हणाले, "तर मी त्याला दारात उभा केला नसता."

"मला कुणाला हाकलायचं नाही, बाबा. मला वासे सापडायला हवेत."

"मग ठोक तूच. तुझे कान परीक्षा पास झालेत."

"मी ठोकलं तर पत्र्याला पोचे पडतील."

"ते मात्र खरं."

"कान माझे, हात तुमचा. चालेल?"

त्यांनी फुल्या थुंकीने पुसल्या. हेच उत्तर.

पहिलं भोक (पुन्हा)

ती आत जाऊन स्टुलावर उभी राहिली, कान छताला लावला. वरून हातोडी. तिने मूठ आपटून उत्तर द्यायचं ठरलं होतं. पण मुठीचा आवाज त्यांना कसा ऐकू जाणार? तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जोरात सांगितलं, "डावा हात पत्र्यावर सपाट ठेवा."

ढप. ढप. ढप.

ठक.

तिने मूठ आपटली. वर हातोडी थांबली. मग ड्रिलची घरघर, आणि त्यांचा आवाज, "अगं, भुसा आला बघ. पिवळाधमक."

दुसरं ते सातवं

ढप ढप ठक मूठ भुसा. भोकात पाणी अडवणारं सीलंट, वर स्क्रू, डोक्यावर पुन्हा सीलंट. ढप ठक मूठ भुसा. तिची मान आखडली. त्यांचे गुडघे बोलायला लागले, "आणि हे मला स्पष्ट ऐकू येतंय," असं ते वरून म्हणाले. ढप ढप ढप ढप ठक.

आठवं

ढप. ढप. ढप. शेवटच्या कोपऱ्यात, पॅनल धरणाऱ्या ब्रॅकेटखाली वासा नव्हताच. ऊन भिंतीवर चढलं होतं.

"सातांवर भागेल का हो?" तिने मान चोळत खिडकीतून मोठ्याने विचारलं.

"नाही."

"तुम्हीच म्हणता सात पक्के आहेत."

"वारा आठवाच शोधतो, सूनबाई. पट्टी आण."

ॲल्युमिनियमची लांब पट्टी कापून त्यांनी तो ब्रॅकेट शेजारच्या वाशापर्यंत नेला. कानशीने कडा घासल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. ठक. मूठ. भुसा.

मग ब्रॅकेटवर पॅनल बसवलं आणि त्याच्या चौकटीला दोर बांधून दोघांनी खालून अंगाचा भार टाकला. ट्रेलर चाकांवर झुलला, कुरकुरला. पॅनल जागचं हललं नाही. चारही कोपऱ्यांवर तेच केलं.

आत मशीनचा हिरवा दिवा लागला, काही आवाज न करता. ती उद्याची यादी काढायला बसली, तर सासरे आवाजबंद खोलीतल्या लहान मुलांच्या खुर्चीवर कसेबसे मावून बसले होते. हेडफोन उलटा घातलेला, बटण मुठीत.

तिने हेडफोन सरळ केला.

"दार लाव," ते म्हणाले. "आणि ऐकू आलं नाही, तर दाबणार नाही."