तीस वर्षांची सूट

टोर्लाइव्ह हाउगसेटच्या कागदी हरणावर चारच भोकं होती.

स्पर्धेचे गुण मोजायला आलेल्या गुडनीने ती पुन्हा मोजली. मग हरणामागची लाकडी फळी पाहिली. मीटरभर रुंद फळी कोरी होती. प्रत्येक नेमबाजाला पाच काडतुसं दिलेली. म्हणजे टोर्लाइव्हची पाचवी गोळी एक तर फळीच्याही बाहेर गेली होती, नाहीतर अजून गेलीच नव्हती. पन्नास वर्षं गावाच्या एल्क-शिकारीचा, त्या थोराड हरणांच्या शिकारीचा, म्होरक्या असलेला माणूस एवढा चुकत नाही.

रायफली तिच्या पाठीमागे होत्या, एकशे वीस मीटरवर, दलदलीच्या पलीकडच्या काठाला. एकूण सहा. पाचांचे बोल्ट, काडतूस आत ढकलणारे दांडे, उघडे होते आणि ओड्वारने, म्हणजे आजच्या पंचाने, त्यांच्या काडतुसाच्या चेंबरमध्ये करंगळी घालून खात्री केली होती. सहावीला त्याने हात लावला नव्हता. तसा नियमच होता, आणि तो गुडनीने लिहिला होता.

ती शिकारी मंडळाची चिटणीस. जूनच्या सभेत तरुण मंडळी पाच गोळ्यांची वेळ साठ सेकंदांवरून पंचेचाळीसवर आणायला निघाली होती. "एल्क काय तुमचा चष्मा पुसून होईपर्यंत उभा राहतो?" असं त्यांच्यातला यॉस्टाइन म्हणाला होता. त्यावर टोर्लाइव्हने तपासणीचा विषय काढला. "करंगळी स्वतःच्या नाकात घाला. मी रिकामी म्हटलं की माझी रायफल रिकामी." दलदल त्याच्या मालकीची. तो रागावून उठला असता तर स्पर्धा भरवायला जागाच उरली नसती. गुडनीने घाबरून तडजोड काढली : वेळ पंचेचाळीस सेकंद, आणि तीस वर्षं शिकारीला गेलेल्यांना तपासणीतून सूट, त्यांनी नुसतं 'रिकामी' म्हणायचं. दोन्ही बाजू खूश झाल्या. इतिवृत्तात तिने 'न्याय्य' हा शब्दही घातला होता. आज त्या नियमांची पहिली चाचणी होती.

ती हळूच वळली.

टोर्लाइव्हने रायफल उचलली होती. पुढे माणूस असताना रायफलीला हात लावायचा नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण म्हातारा ती खोळीत घालायला बघत होता, त्याला कोण बोलणार? नळी दलदलीवरून सावकाश फिरत आली. ओरडावं तर तो दचकेल. आडवं व्हावं, तर साऱ्या गावासमोर त्याला बेफिकीर म्हटल्यासारखं होईल. तेवढ्यात नळी दिसेनाशी झाली. लाकडी दस्ता दिसत होता, नळी नाही. म्हणजे ती सरळ तिच्याकडे वळलेली होती.

गुडनीने अंग टाकलं. दलदलीचं गार पाणी बाह्यांत कोपरांपर्यंत शिरलं.

"काय गं, दलदलीतली फळं, क्लाउडबेरी वेचतेस की काय?" यॉस्टाइन ओरडला. दोघंतिघं हसले.

"ओड्वार," तिने शेवाळातूनच हाक मारली. "टोर्लाइव्हच्या हरणावर चार भोकं आहेत. फळीवर एकही नाही."

हसणं थांबलं. उघड्या दलदलीवरून बोलणं स्पष्ट येत होतं.

"टोर्लाइव्ह, द्या जरा ती," ओड्वार म्हणाला.

"रिकामी म्हणालो ना मी."

"म्हणालात. तरी द्या."

"तुला बंदूक धरायला कोणी शिकवलं रे?"

"तुम्हीच. म्हणून तर मागतोय. नळी आभाळाकडे करा आणि द्या."

गुडनी श्वास मोजत होती. अकराव्या श्वासाला बोल्ट सरकल्याचा आवाज आला.

"काडतूस निघालं," ओड्वार म्हणाला. थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, "साऱ्या तपासल्या. बोल्ट काढून ठेवलेत. ऊठ, गुडनी."

तिला उठायचं होतं. पण ती रायफलींकडे बघत तशीच पडून राहिली.

टोर्लाइव्ह मोकळ्या हातांनी चिखल तुडवत आला आणि रायफलींकडे पाठ करून तिच्या समोर उभा राहिला. त्याच्या रुंद अंगाआड सगळी रांग झाकली गेली.

"ऊठ पोरी. आता मी मध्ये आहे."

ती गुडघ्यांवर आली.

"वेळ संपल्याची शिट्टी वाजली आणि मला वाटलं, पाच झाल्या," तो म्हणाला. "खरंच वाटलं. ती तीस वर्षांची ओळ खोडून टाक."

"आणि वेळ? साठ करू?"

"ते खेळणाऱ्यांना विचार. मी आता त्यांत नाही."

पुढच्या वर्षी दलदल मिळेल का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही. खिशातल्या नियमांच्या ओल्या कागदावर ती ओळ खोडताना पेन्सिल दोनदा घसरली.

एक हरीण मोजायचं राहिलं होतं. टोर्लाइव्ह मध्येच उभा होता, तरी तिच्याने रांगेकडे पाठ करवेना. रायफलींच्या दिशेला नजर ठेवून, उलट्या पावलांनी ती फळीपर्यंत गेली आणि कागदावर बोटं फिरवून भोकं मोजली.

पाच.