बांगड्यांची खूण

एक जुनं वर्तमानपत्र घ्या. त्याची बारीक सुरळी करा, एका डोळ्याला लावा आणि दुसरा डोळा मिटा. आता उठून दारापर्यंत चालत जा बरं! समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ दिसतंय, तारखाही वाचता येतायत. पण पायाशी पडलेली चप्पल? ती काही दिसत नाही.

श्यामरावांना दोन्ही डोळे उघडे ठेवूनही अगदी असंच दिसायचं. आणि रायपूरच्या सरकारी दवाखान्यात, मेडिकल बोर्डासमोर उभं राहून त्यांनी आत्ताच भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ एकही चूक न करता वाचून दाखवली होती.

“ये तो हमसे अच्छा पढ़ते हैं!” थोरले डॉक्टर हसले. “और इनको आँखों के नाम पर पेंशन चाहिए.”

“साहब, बीच का दिखता है. बाजू का नहीं दिखता.”

“अच्छा, बाजू का!”

मागच्या बाकावर बसलेली निधी, त्यांची पाचवीतली मुलगी, मान खाली घालून ऐकत होती. नागपूरच्या डॉक्टरांचा कागद टेबलावरच होता, पण बोर्डाला स्वतः खात्री करून घ्यायची होती. आणि बाजूची नजर मोजायचं यंत्र या दवाखान्यात अजून आलेलं नव्हतं.

नवं राज्य झालं नसतं तर ही वेळ आलीच नसती. जुन्या ऑफिसातली पायरी न् पायरी श्यामरावांच्या पायांना पाठ होती. राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं, आणि पहिल्याच आठवड्यात ते चहावाल्यावर आदळले. मग खांबावर. मग जिन्यात पडले. साहेबांनी वर लिहून कळवलं की हा माणूस ढोंग करतो. आता बोर्डानं आजार खरा ठरवला तर पेंशन. खोटा ठरवला तर चौकशी, आणि नोकरीवर पाणी.

“काहून घाबरून राहिली?” बाहेर व्हरांड्यात त्यांनी निधीला विचारलं होतं. “तू हायेस ना संगं.”

ती संगं असायचीच. ते राहायचे त्या गुढियारीच्या गल्लीत पोरीनं हात धरून न्यावं, हे श्यामरावांना खपत नसे. म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. वाटेत खड्डा, सायकल, गाय, काहीही आलं की निधीनं हातातल्या काचेच्या बांगड्या वाजवायच्या. वाजल्या की थांबायचं. नाही वाजल्या की वाट मोकळी.

“लोकायसमोर मी पडलो नाही पायजे, निधे. बस, येवढंच.”

“ज़रा खिड़की तक चलके दिखाइए,” थोरले डॉक्टर म्हणाले. श्यामराव वळले, तसं डॉक्टरांनी हळूच पायानं एक स्टूल वाटेत सरकवलं.

छुन्.

श्यामराव थांबले. पावलानं चाचपलं, स्टुलाला वळसा घातला आणि ताठ मानेनं खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“देखा, मैडम?” थोरल्या डॉक्टरांनी शेजारच्या तरुण डॉक्टरीणबाईंना म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

निधीनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या अजून हलत होत्या. तिनं काही ठरवून वाजवल्या नव्हत्या; ठेच लागताना तोंडातून ‘आई गं’ निघतं, तशा त्या वाजल्या होत्या. खिडकीपाशी बाबा ओठांच्या कोपऱ्यात हसत होते. त्यांना पेंशन हवी होती, आणि पडायचंही नव्हतं.

पेन कागदावर टेकलं.

“सर, एक बार और देख लेते हैं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या उठल्या, स्टूल अलगद उचलून त्यांनी बाकाच्या अलीकडे, दुसऱ्याच जागी ठेवलं. “भैया, अब वापस आइए. बेटी के पास.”

“क्या मैडम, टाइम खोटी कर रही हैं.” पण पेन थांबलं.

श्यामराव वळले. त्यांची नजर खोलीभर फिरली. आधी दिवा, मग कपाटाचं एक दार, मग भिंत, आणि शेवटी निधीचा चेहरा. तो सापडला तसे ते निश्चिंत झाले. कान तिच्या हाताकडे लावून ते निघाले. चार पावलं, घरात चालावं तशी. बांगड्या गप्प होत्या, म्हणजे वाट मोकळी होती.

स्टूल आता त्यांच्या गुडघ्यापासून हातभर राहिलं होतं. निधीचं मनगट सवयीनं वर उचललं गेलं.

बाबा तिच्याकडेच बघत होते. तिनं दुसऱ्या हातानं सगळ्या बांगड्या मुठीत आवळून धरल्या, आणि त्यांच्या नजरेतून आपला चेहरा हलू दिला नाही.