चारपर्यंतचं ऊन

“मास्तर, झोप लागली का आत?” फिटरने खालून शिडीवर पाना वाजवला.

“तुझ्यासारखं आमचं नशीब कुठे,” गाडीच्या टपावरच्या तंबूतून आवाज आला. “कापड बघतोय. तू जरा उन्हातून बाजूला हो.”

फिटर बाजूला झाला. त्याची सावली तंबूपर्यंत पोचतच नव्हती, पण मास्तरांशी वाद घालायचा नाही हा आवारातला जुना नियम होता.

आवार म्हणजे खडकाळ रानवाटांवर जाणाऱ्या दणकट गाड्या भाड्याने देण्याची जागा. गाडीबरोबर बाहेर राहायचं सगळं सामानही मिळायचं. काखेत मारून नेता येतील असे हलके तंबू होते, टपावर पेटीसारखे उघडणारे तंबू होते, आणि कोपऱ्यात दोन कॅम्पर उभे होते. कॅम्परला पलंग, शेगडी आणि पत्र्याचं छप्पर, त्यामुळे मास्तरांना त्यांच्यात काडीचा रस नव्हता. त्यांचा संबंध कापडाशी. तरुणपणी ते टेलर होते, म्हणून मास्तर. सव्वीस वर्षांपूर्वी इथे तंबू शिवायला आले आणि तपासायला राहिले.

तपासायची पद्धत सोपी होती. परत आलेला तंबू भर उन्हात उघडायचा, आत जाऊन चेन लावून घ्यायची, उताणं पडायचं आणि वर बघत राहायचं. कापडाला सुईएवढं जरी भोक पडलेलं असलं तरी तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. त्याभोवती खडूने गोल करायचा आणि ठिगळ चिकटवायचं. मग चेनला टॅग बांधायचा. टॅगवर ‘तंबू तपासला’ असं छापलेलं असायचं आणि खाली मास्तरांची लफ्फेदार सही. मोठमोठे खडक चढून आलेले गिऱ्हाईक लोक ओला तंबू तसाच कोंबून आणायचे, शेकोटीच्या ठिणग्या उडवून आणायचे, आत बिस्किटांचा चुरा करून ठेवायचे. पण निघताना टॅग बघितल्याशिवाय त्यांच्यातला एकही गाडीत बसायचा नाही.

मास्तर तंबूतून पाय बाहेर काढून शिडीवर आले. शिडीला सात पायऱ्या. हल्ली ते मनात मोजत उतरत. मान खाली घातली तरी खालची पायरी दिसायची नाही. काचबिंदू, असं डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. समोर रोखून बघाल तेवढं दिसेल, आजूबाजूचं गेलं ते गेलं, उरलेलं टिकवायला थेंब घाला. घरी बायको सकाळ-संध्याकाळ थेंब घालत होती. हा हंगाम पार पडला की आवारात सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. मागचा हंगामही असाच सांगू-सांगू म्हणत गेला होता.

काम मात्र चाललं होतं. कुठला तंबू कुठे झिजतो हे मास्तरांना तोंडपाठ होतं. घडीचे चार कोपरे, बिजागरीच्या बाजूची शिवण, खिडकीची कड. तिथे बोटं फिरवायची, शंका आली की ठिगळ लावायचं. डोळ्यांनी वर बघायचं ते सवयीने.

“बाबा.”

फाटकातून मुलगी येत होती. पाठीला पिशवी, पायात नवे बूट, आणि ते चावत असल्याचं चालीवरूनच कळत होतं. उद्या पहाटे बारा गाड्यांचा ताफा चार दिवसांसाठी डोंगरांत जाणार होता आणि पहिल्या गाडीत ती आणि जावई होते. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच दोघांना एकत्र रजा मिळाली होती.

“सामान ठेवून जाते आज,” ती म्हणाली. “आणि तंबू बघायचाय. माझ्या समोर पास करा.”

“पास झालाय कालच. टॅग बघ की.”

“ते परक्यांना सांगा. चला वर.”

ती लहानपणी सुट्टीत डबा घेऊन इथे यायची. बापाच्या शेजारी तंबूत पडून राहायची आणि ठिपका दिसला की ओरडायची, “बाबा, तारा!” मास्तर गोल करायचे. तेव्हा ते गंमत म्हणून एखादा तारा मुद्दाम तिच्यासाठी सोडायचे.

दोघं एक नंबरच्या गाडीवर चढले. तिने वरून हात पुढे केला तर मास्तर म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” आत गादीवर शेजारी शेजारी पडले. चेन लावली. कापड उन्हाने पिवळं झालं होतं, गरम वास येत होता. मास्तरांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, जशी सव्वीस वर्षं फिरवली होती.

“साफ आहे,” ते म्हणाले.

मुलगी कोपरावर उठून वर बघत राहिली.

“काय गं?”

“काही नाही.” मग, “बाबा, खिडकीच्या वर काय आहे?”

“कापड.”

“आणि?”

तिचा हा आवाज मास्तरांना ओळखीचा होता. शाळेत असताना मैत्रिणीची चूक सांगायची की नाही, अशा वेळी ती असंच विचारायची.

“किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“तीन. एका ओळीत.”

तिने त्यांचं मनगट धरलं, खडूचा हात वर नेला आणि थांबवला. मास्तरांनी नेमकं बोटाच्या टोकाकडे बघितलं. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका होता. नजर जरा हलली की नाहीसा व्हायचा. ठिणग्यांची भोकं. ठिणगी काही शिवण बघून पडत नाही, हे ज्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं तो माणूस वर्षभर शिवणी चाचपत बसला होता. मास्तरांना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

“आईला माहीत आहे?”

“थेंब तीच घालते.”

“आणि मला?”

“जाऊन आलीस की सांगणार होतो.”

ती उठून बसली. रडते की काय असं मास्तरांना वाटलं, पण तिने नाक ओढलं आणि हिशेबी आवाजात विचारलं, “बाकीच्या अकरा गाड्या?”

“मीच बघितल्यात.”

“परवा रात्री वर घाटात पाऊस आहे. गार पाऊस.” तिने त्यांच्या हातातल्या खडूकडे बघितलं. “असं करू. आपण दोघं एकेक गाडीवर चढू. मी सांगते, तुम्ही खडू मारा. कोणाला कळायचंही नाही.”

मास्तरांना मोह झाला. हो म्हणायला तोंड उघडलंही. पण मागच्या महिन्यातला तो गृहस्थ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. रात्रभर अंथरूण भिजलं, बायको तापाने फणफणली, अशी त्याची तक्रार होती. तुम्हीच खिडकी उघडी ठेवली असणार, म्हणून मालकीणबाईंनी त्याला या आवारातच चार लोकांत झापलं होतं. मास्तर तेव्हा शेजारी उभे होते. ते काही बोलले नव्हते.

“कळू दे,” ते म्हणाले.

मालकीणबाई ऑफिसात फोनवर होत्या. वडिलांच्या मागे त्यांनीच धंदा सांभाळला होता. मास्तरांनी त्यांना दोन वेण्यांत बघितलं होतं. त्यांनी फोन ठेवेपर्यंत मास्तर उभे राहिले.

“मॅडम, बाराच्या बारा टॅग काढतोय.”

“का?”

“मला दिसत नाही.”

बाई हसल्या, आणि मग दारातल्या मुलीचा चेहरा बघून थांबल्या. “कधीपासून?”

“मागच्या हंगामापासून.”

“तो खिडकीवाला माणूस?”

“खिडकी बंदच असणार त्याची.”

पंखा घरघरत होता. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मास्तर, तुम्ही मला त्याच्याशी भांडू दिलंत. मी त्याला खोटारडा म्हटलं.”

मास्तरांनी माफी मागितली, पण ती इतक्या हळू आवाजात की त्यांना स्वतःलाच पुरली नाही.

“ऊन किती वेळ आहे?” बाईंनी विचारलं.

“चारपर्यंत. मग गोदामाची सावली शेवटच्या गाडीपर्यंत पोचते.”

“साडेबारा वाजलेत. मग इथे काय उभे आहात?”

गाड्या एका रांगेत होत्या आणि गोदाम एक नंबरच्या बाजूला होतं, त्यामुळे सावली मागून येत होती आणि ही माणसं तिच्यापुढे पळत होती. फिटर तंबू उघडायचा. मुलगी आत पडून सांगायची, “डावीकडे, वीतभर वर. अजून वर. हां.” मास्तर खडू मारायचे, ठिगळ लावायचे. ठिगळ लावताना त्यांना कोणाची गरज नव्हती. कडा अंगठ्याने दाबत नेल्या की कापड आणि ठिगळ एकजीव व्हायचं, ते अजून त्यांच्याइतकं कोणालाच जमत नव्हतं. पण प्रत्येक गाडीला सात पायऱ्या चढायच्या आणि सात उतरायच्या. पाचव्या गाडीपाशी त्यांचे गुडघे बोलायला लागले. सातव्या गाडीत एकही भोक निघालं नाही तेव्हा फिटर म्हणाला, “हा तंबू माझ्यासारखा आहे, गुणी.” कोणी हसलं नाही, तोही नाही.

आठव्यात पाच भोकं निघाली.

“मी काय डोळे मिटून सह्या केल्या,” मास्तर म्हणाले.

“दाबा ती कड,” मुलगी म्हणाली.

अकराव्या गाडीचं शेवटचं ठिगळ लावून ते उतरले तेव्हा सावली बाराव्या गाडीच्या बॉनेटवरून टपावर चढत होती. फिटरने घाईने तंबू उघडला. मुलगी आत गेली, चेन लावली.

“काही कळत नाही, बाबा. सगळं करडं आहे.”

“बॅटरी मारून बघूया का?” मालकीणबाई बाहेर आल्या होत्या.

“बॅटरीचा उजेड सगळ्या कापडावर सारखा पडत नाही, एखादं भोक सुटतंच,” मास्तर म्हणाले. “आणि उद्या ऊन यायच्या आत गाड्या निघतात.”

“मग बारा नंबरवाल्यांना नाही म्हणून कळवते.”

मुलगी तंबूतून डोकं बाहेर काढून म्हणाली, “त्यांना आमची एक नंबर द्या. ही आम्ही नेतो.”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“का नाही?”

“बघितलेला नाही हा तंबू.”

“बाकीच्यांनी वर्षभर न बघितलेलेच नेले ना, बाबा? आम्हाला निदान माहीत तरी आहे.” मग जरा मऊ आवाजात ती म्हणाली, “गळला तर माझ्याच अंगावर गळेल.”

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “मोठी ताडपत्री काढून देते.” आणि जाता जाता, “मास्तर, उद्यापासून शिलाईच्या मशीनवरच बसा. वर चढायचं नाही. तपासायचं काय ते मी बघते.” त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं होतं, तरी मास्तरांना ते लागायचं तेवढं लागलं.

ते बाराव्या गाडीची शिडी चढले. गादीवर गुडघे टेकून त्यांनी सगळ्या कापडावरून तळवा फिरवला, जिथे तंबू झिजतो तिथूनही आणि जिथे झिजत नाही तिथूनही.

“ताडपत्री आधीच बांधून ठेव. पाऊस आल्यावर नाही,” ते म्हणाले.

“हो.”

“उशाची बाजू उंच राहील अशी गाडी लाव.”

“हो, बाबा.”

ती उतरून खाली उभी राहिली. मास्तरांनी खिशातून टॅग काढला, अगदी डोळ्यांसमोर धरला. ‘तंबू तपासला’ या छापील अक्षरांपुढे त्यांनी पेनाने ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली, नेहमीसारखी लफ्फेदार. चेनला दोन गाठी मारल्या. खडूचा तुकडा खिशात होता तो तसाच राहू दिला.

मग त्यांनी पाय खाली सोडला. एक, दोन, तीन, चार, पाच.

“अजून दोन, बाबा,” खालून मुलगी म्हणाली.

मास्तरांना ते माहीत होतं. ते शिडीला धरून क्षणभर थांबले, आणि उरलेल्या दोन तिला मोजू दिल्या.