केबिनकडे तोंड

विसरवाडीच्या चौफुलीवर आमचं रंगाचं दुकान आहे. ट्रकवर, टेम्पोवर मोर, वाघ, मालक सांगेल ते. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त ब्रश धुवायची. मग एकदा यांचा, म्हणजे हेमकांतचा, हात मोडला आणि एका टेम्पोवरचा वाघ अर्धा राहिला. पुढचा अर्धा यांचा होता, मागचा मी पुरा केला. मालकाला शेपटी जास्त आवडली. हे मी अजून ऐकवते.

पंचवीस वर्षं तेच. मागच्या वर्षी अंगणवाडीच्या भिंतीवर बकऱ्या काढल्या, सेविकेने फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकला, आणि पुण्याहून रोहिणीताईंचा फोन आला. त्या लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढतात. बाजारात हरवलेल्या करडाची गोष्ट होती. बारा जोडपानं, डाव्या पानावर आई, उजव्या पानावर करडू, शेवटी भेट. दोन पावसाळ्यांत उडून जाणार नाही असं काम मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं होतं. दोन महिने बसले आणि चित्रं पाठवून दिली.

आठ दिवसांनी ताईंचा फोन.

"मोहिनीताई, रंग फार सुंदर आहेत. पण आई आणि करडू प्रत्येक पानावर एकमेकांकडे पाठ करून का उभे आहेत?"

मी मोबाइलमधले फोटो उघडले. बाराच्या बारा. भेटीचंसुद्धा.

आमच्या दुकानाचा नियम आहे, जनावराचं तोंड कायम केबिनकडे. ट्रकच्या डाव्या बाजूचा वाघ डावीकडे बघतो, उजव्या बाजूचा उजवीकडे. मागे बघणारं जनावर अपशकुनी, ड्रायव्हर गाडी घेत नाही. माझा हात आपोआप तसाच चालला. ट्रकच्या दोन्ही बाजू एकदम कोणी बघत नाही. पुस्तकाच्या बघतात.

हे सगळं ताईंना सांगितलं. उद्या कळवते म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. कॉलेजात शिकलेल्या कुणाला तरी देतील आता. त्या दिवशी खिचडीत दोनदा मीठ पडलं आणि यांनी ती मुकाट्याने खाल्ली, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. ताईंनी ती चित्रं शेजारच्या पोरांना दाखवली होती. पोरं म्हणे पान उलटलं की बकरीवर ओरडत होती, अगं मागे बघ, मागे.

"अकरा चित्रं अशीच छापू या," ताई म्हणाल्या. "शेवटचं तेवढं पुन्हा काढा. भेट होऊ द्या त्यांची."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ब्रश धुवायला घेतले.

संध्याकाळी नवा कागद घेतला. आईचं तोंड वळवलं, करडाचंही. हे मागे येऊन उभे राहिले.

"गाडी पुढे जाई ऱ्हायनी नि बकरी मांगे देखी ऱ्हायनी. आसं ऱ्हास का कोठे?"

पुस्तकाला केबिन नसते, मी म्हटलं.

 मग हे ब्रश पुसून पुढे बसले आणि म्हणाले, "शेपटी मी काढसू."

दिली काढायला. करडाची. ती लहान असते.